घरास साजेल असा पाळीव पक्षी

शेतकऱ्याच्या घरीं जनावर नाहीं, असें सहसा घडत नाहीं. बैल, गाय, म्हैस, शेळी, कुत्रा, मांजर व कोंबड्या यांनीं अंगण भरलेलें असतें, आणि त्यांची निवड करतांना आपण चोखंदळ असतों. बैल घ्यावयाचा तर त्याचे खूर, दांत, खांदा व चाल पाहिल्याशिवाय कोणी पैसे मोजीत नाहीं. म्हैस घेण्यापूर्वीं तिची धार स्वतः काढून पाहतात. परंतु तोच शहाणा गृहस्थ आठवड्याच्या बाजारांत मुलानें हट्ट धरला म्हणजे पक्ष्यांचा पिंजरा विकत घेऊन येतो. रंग आवडला, आवाज आवडला, किंमत परवडली, इतकेंच पाहिलें जातें. पुढें महिन्या-दोन महिन्यांत पक्षी मरतो, किंवा मरत नाहीं पण घराला जड होतो, अथवा त्याच्याबरोबर आलेला रोग कोंबड्यांच्या खुराड्यांत शिरतो. यांतील प्रत्येक गोष्ट टाळतां येण्यासारखी आहे. ती कशी टाळावी, हें सांगणें हा या लेखाचा हेतु होय.

निवडीचा क्रम असा असावा : आधीं कायदा, मग घर, मग घरांतील माणसें, मग अंगणांतील इतर पांखरें, आणि या सर्वांचा विचार झाल्यावर सर्वांत शेवटीं पक्ष्याचा रंग.

कायदा काय सांगतो

आपल्याकडे पाळीव पक्षी म्हटला कीं डोळ्यांपुढें राघू उभा राहतो. हिरवा रंग, लाल चोंच व नराच्या गळ्याभोंवतीं काळी-गुलाबी कंठी असलेला हा पोपट पिढ्यान्पिढ्या आपल्या ओसरीवर टांगलेला होता. परंतु वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वयें तो संरक्षित पक्षी आहे. त्यास पकडणें, विकणें, विकत घेणें व पिंजऱ्यांत ठेवणें हे सर्व गुन्हे आहेत. हीच गोष्ट डोंगरी मैना, मुनिया, तितर व इतर देशी रानपक्ष्यांची. १९९०-९१ पासून देशी रानपक्ष्यांचा व्यापार पूर्णपणें बंद आहे. २०२२ सालीं या कायद्यांत दुरुस्ती झाली. ती १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आली असून, सर्वसाधारण गुन्ह्यासही तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. “बाजारांत उघड विकत होता” हा बचाव चालत नाहीं.

कायदा बाजूस ठेवला तरी हा व्यवहार वाईटच आहे. रानपोपटाचीं पिलें झाडाच्या ढोलींतून काढतांना पुष्कळदां ढोली फोडली जाते; म्हणजे पुढील वर्षांचें घरटेंही जातें. काढलेल्या पिलांपैकीं कित्येक बाजारापर्यंत जिवंत पोंचत नाहींत. एक पक्षी आपल्या पिंजऱ्यांत येतो, त्यामागें मेलेले अनेक असतात.

ज्यांच्या घरीं असा पोपट आधींच आहे, त्यांनीं पिंजऱ्याचें दार उघडून त्यास एकदम सोडून देऊं नये. हातावर वाढलेल्या पक्ष्यास चारा शोधतां येत नाहीं व शत्रूही ओळखतां येत नाहीं. तो लवकरच मांजराच्या किंवा शिकऱ्याच्या तोंडीं पडतो. महाराष्ट्रांत वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवून पुढील मार्ग विचारावा.

मग पाळावें तरी काय? जे पक्षी परदेशीय मूळचे असून पिढ्यान्पिढ्या पिंजऱ्यांतच वाढलेले आहेत, ते पाळण्यास प्रत्यवाय नाहीं. बजरीगर, कॉकेटियल, झेब्रा फिंच व कॅनरी हे त्यांतील सहज मिळणारे होत. ज्या परदेशीय जाती वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापार-करारांत नोंदलेल्या आहेत, त्यांची माहिती २०२४ च्या नियमांप्रमाणें सरकारच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर नोंदवावी लागते. वर सांगितलेल्या चार जाती त्या करारांत येत नाहींत. मकाव, आफ्रिकन करडा पोपट व जावा चिमणी या येतात. सामान्य गृहस्थानें पहिल्या चारांतच निवड करावी, हें सोयीचें.

घर किती दिवस रिकामें असतें

पक्ष्यांविषयींच्या पुस्तकांत सहसा न येणारा, परंतु आपल्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा आहे. शेतकऱ्याचें घर वर्षभर सारखें भरलेलें नसतें. पेरणी, खुरपणी, कापणी व मळणीच्या दिवसांत घरांतील सर्व कर्तीं माणसें उजाडतां शेतावर जातात तीं दिवे लागणीस परततात. उन्हाळ्यांत लग्नसराई असते. अशा घरांत माणसाचा लळा लागणारा एकटा पक्षी ठेवणें म्हणजे त्यास शिक्षा देणें होय. पोपटाच्या कुळांतील पक्षी थव्यानें राहणारे आहेत. ते एकटे पडले म्हणजे कर्कश ओरडतात, स्वतःचीं पिसें उपटतात व खाणें टाकतात. मालकास वाटतें पक्षी खोडकर झाला. वस्तुतः तो एकाकी झालेला असतो.

यासाठीं नियम असा ठेवावा कीं, ज्या घरांत दिवसभर एखादें तरी माणूस असतें व त्यास हौस आहे, तेथेंच हाताळला जाणारा पक्षी आणावा. जें घर हंगामांत रिकामें पडतें तेथें आपसांत रमणाऱ्या लहान पक्ष्यांची जोडी किंवा लहानसा थवा बरा. त्यांना माणसाची संगत लागत नाहीं. वेळेवर दाणा, पाणी व स्वच्छता लागते.

याला जोडूनच आयुष्याचा हिशेब करावा. झेब्रा फिंच साधारण पांच वर्षें जगतो. बजरीगर पांच ते दहा. कॉकेटियल चांगल्या निगेनें पंधरा ते वीस. आफ्रिकन करडा पोपट चाळीस वर्षें व त्याहूनही अधिक जगूं शकतो. दहा वर्षांच्या मुलाच्या हट्टासाठीं आणलेला कॉकेटियल तो मुलगा शिक्षणासाठीं परगांवीं गेल्यावरही घरांत असणार. त्या वेळीं दाणापाणी कोण करील, हें आज ठरवावें.

घरांतील हवा

पक्ष्याची श्वसनाची रचना आपल्याहून निराळी आहे. फुप्फुसांखेरीज त्याच्या शरीरांत हवेच्या पिशव्या असतात, व ताजी हवा फुप्फुसांतून एकाच दिशेनें वाहते. त्यामुळें हवेंतील प्राणवायु त्यास फार चांगला घेतां येतो; परंतु हवेंतील विषही तितक्याच वेगानें भिनतें. इंग्लंडांतील कोळशाच्या खाणींत विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून कॅनरी पक्षी नेत असत, तें याच कारणानें. ही चाल तेथें १९८६ मध्यें बंद करण्याचें ठरलें.

यावरून उघड आहे कीं, चुलीचा धूर, उदबत्तीचा व धुपाचा दाट धूर, डांस मारण्याचा फवारा व तंबाखूचा धूर जेथें भरतो तेथें पिंजरा ठेवूं नये. स्वयंपाकघर तर वर्ज्यच. न चिकटणाऱ्या तव्यांवर जो लेप असतो तो फार तापला म्हणजे निघणारी वाफ माणसास विशेष जाणवत नाहीं, परंतु पक्षी कांहीं मिनिटांत मरूं शकतो.

उलट बाजूनें, पक्ष्याचाही माणसास त्रास होतो. कॉकेटियलच्या व कबुतराच्या पिसांतून पांढरी भुकटी सतत झडते. वाळलेल्या विष्ठेची धूळ हवेंत उडते. अशा धुळींत वर्षानुवर्षें राहिल्यानें कांहीं माणसांच्या फुप्फुसांस सूज येऊन तीं कायमचीं निकामी होऊं लागतात. पोपटाच्या कुळांतील पक्ष्यांपासून माणसास एक प्रकारचा न्यूमोनियाही होतो. दक्षिण अमेरिकेंतून गेलेल्या पोपटांमुळें १९२९-३० सालीं त्याची साथ अनेक देशांत पसरली होती. म्हणून ज्या घरांत दम्याचा रोगी, अगदीं तान्हें मूल किंवा क्षीण वृद्ध आहे, तेथें पक्षी झोंपण्याच्या खोलींत कधींही ठेवूं नये. आणि दम्याचा जोर असेल तर पक्षी आणूंच नये. पिंजरा झाडतांना आधीं पाणी शिंपडून मग विष्ठा काढावी, म्हणजे धूळ उडत नाहीं. घरांत पक्षी असून कोणास चिवट खोकला व ताप आला, तर ती गोष्ट डॉक्टरांस आठवणीनें सांगावी.

शेतांतून घरांत येणारें विष

शहरांतील मनुष्यास नसलेला एक धोका आपल्या घरांत आहे. पेरणीसाठीं आणलेल्या बियाण्यास बुरशीनाशक व कीटकनाशक औषध चोळलेलें असतें. म्हणूनच त्यास लाल, गुलाबी किंवा निळा रंग दिलेला असतो. पेरून उरलेली अशी बाजरी किंवा ज्वारी “वायां कां घालवा” म्हणून पांखरांपुढें टाकल्यास तीं मरतात. धुऊन टाकल्यानेंही तें बियाणें खाण्याजोगें होत नाहीं. तें पांखरांस, कोंबड्यांस किंवा गुरांस कधींही देऊं नये.

तीच गोष्ट हिरव्या पाल्याची. फवारणी झालेल्या वाफ्यांतील कोथिंबीर, मेथी किंवा पालक पिंजऱ्यांत घालूं नये. परसांतील शेवग्याचा पाला, ज्यावर कधीं औषध पडत नाहीं, तो सर्वांत उत्तम. फवारणी करून आलेल्या माणसानें कपडे बदलून हातपाय धुतल्याशिवाय पिंजऱ्यास हात लावूं नये.

तिसरें विष बुरशीचें. ओलसर राहिलेल्या भुईमुगावर व मक्यावर जी पिवळट-हिरवी बुरशी येते ती यकृताचा नाश करते. १९६० सालीं इंग्लंडांत बुरशी लागलेल्या भुईमुगाची पेंड खाऊन एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, तेव्हां या विषाचा शोध लागला. माणसाच्या खाण्यास नको तो दाणा पक्ष्यासही नको, हा नियम पाळावा.

कोंबड्यांचें खुराडें व नवा पक्षी

ज्यांच्या घरीं कोंबड्या आहेत, त्यांनीं हा भाग विशेष लक्षपूर्वक वाचावा. मानमोडी, म्हणजे राणीखेत, हा रोग केवळ कोंबड्यांचा नाहीं. कबुतरें व पोपट यांच्याकडूनही तो येतो. बर्ड फ्लूची साथ भारतांतील कोंबड्यांत प्रथम आढळली ती २००६ सालीं आपल्याच नंदुरबार जिल्ह्यांत, नवापूर येथें. साथ निघाली म्हणजे रोगट कोंबड्यांबरोबर आसपासचीं सर्व पाळीव पांखरें नष्ट करावीं लागतात. दोनशें रुपयांच्या पिंजऱ्यापायीं सबंध कळप गमावण्याचा प्रसंग येऊं नये, यासाठीं पुढील गोष्टी कराव्या :

नवा पक्षी आणल्यावर निदान तीस दिवस त्यास खुराड्यापासून व इतर पक्ष्यांपासून दूर, निराळ्या खोलींत ठेवावें. आधीं कोंबड्यांचें काम उरकावें व मग नव्या पक्ष्याचें. उलट क्रम करूं नये. दोहोंचीं भांडीं व झाडू निराळे असावेत, आणि दोन्हींमध्यें हात साबणानें धुवावेत. पिंजऱ्यांतील कचरा उकिरड्यावर उघडा न टाकतां पुरून टाकावा. कोंबड्यांस मानमोडीची लस वेळेवर टोंचून घ्यावी. एकाएकीं बरींच पांखरें मेलीं तर तीं ओढ्यांत फेंकूं नयेत. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास ताबडतोब कळवावें.

कोणत्या घरास कोणता पक्षी

बजरीगर : हा मूळचा ऑस्ट्रेलियांतील. १८४० सालीं जॉन गूल्ड यांनीं तो जिवंत इंग्लंडांत नेला, व पुढें तो जगभर पसरला. आपल्याकडील दुकानांत यालाच पुष्कळदां ‘लव्हबर्ड’ म्हणतात. परंतु खरा लव्हबर्ड आफ्रिकेंतील असून तो अधिक जाड चोंचीचा, आंखूड शेपटीचा व भांडखोर असतो. बजरीगराची लांबी सुमारें १८ सेंटीमीटर व वजन ३० ते ४० ग्रॅम. वयांत आलेल्या नराच्या चोंचीवरील नाकपुड्यांचा भाग बहुधा निळा, मादीचा तपकिरी. आवाज मंजुळ, खर्च थोडा, व जोडीनें ठेवल्यास माणसाची फार अपेक्षा नाहीं. वाड्यांत राहणाऱ्या मोठ्या कुटुंबास, व प्रथमच पक्षी पाळणारास, हा सर्वांत योग्य. जोडीस पिलें नको असतील तर पिंजऱ्यांत मडकें किंवा खोकें ठेवूं नये. मडकें मिळालें कीं मादी चार ते सहा अंडीं घालते, व वारंवार विणीनें खंगते.

झेब्रा फिंच : बोटाएवढा, सुमारें दहा सेंटीमीटर लांबीचा. हातावर बसत नाहीं व हाताळलेलें त्यास खपत नाहीं. ज्या घरांत माणसें हंगामांत दिवसभर बाहेर असतात, पण सकाळ-संध्याकाळ पांच मिनिटें देऊं शकतात, तेथें हा शोभतो. लहान मुलांस तो केवळ पाहण्यापुरता आहे, हें त्यांस आधींच सांगावें.

कॉकेटियल : डोक्यावर तुरा असलेला, सुमारें ३२ सेंटीमीटरचा, अतिशय लळा लावणारा. नर शीळ घालण्यास शिकतो. ज्या घरांत दिवसभर कोणी शांत स्वभावाचें माणूस आहे, व कोणास दमा नाहीं, तेथेंच हा आणावा.

कॅनरी : गाणारा पक्षी, गातो तो मुख्यतः नर. त्यास एकटें राहणें चालतें. मात्र आपल्याकडील कडक उन्हाळ्यांत त्याची फार निगा ठेवावी लागते. विदर्भ-मराठवाड्यांतील पत्र्याच्या घरांत तो आणूं नये.

कबुतर : मोकळ्या हवेंत, घरापासून दूर उंच खुराडें बांधण्यास जागा असेल तरच पाळावें. माडीच्या वळचणीस व पाण्याच्या टाकीवर त्यास बसूं देऊं नये.

ज्यांची वस्ती शेतांत आहे व अंगण मोठें आहे, त्यांस पिंजऱ्याचा मोह कशास हवा? चार देशी कोंबड्या व एक कोंबडा हीही पाळीव पांखरेंच आहेत. हातानें दाणे घालणाऱ्या मुलास कोंबडी ओळखते, त्याच्या मागें फिरते, आणि वर अंडें देते. गिनी कोंबडी परका मनुष्य किंवा साप दिसतांच कलकलाट करते व किडेही वेंचते. मात्र तिचा आवाज दाट वस्तींत शेजाऱ्यांस सोसवणार नाहीं.

पिंजरा व खाणें

बजरीगराच्या जोडीस पिंजरा निदान अडीच फूट लांब व दीड फूट रुंद-उंच असावा; तारांतील अंतर अर्ध्या इंचाहून अधिक नसावें. पक्षी आडवा उडतो, म्हणून उंचीपेक्षां लांबी महत्त्वाची. गोल पिंजरा दिसण्यास सुंदर, पण राहण्यास वाईट. प्राण्यांस क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानेंही हालचालीस अपुऱ्या पिंजऱ्यांत प्राणी ठेवणें हा गुन्हा आहे. बसण्यास गुळगुळीत दांडीऐवजीं पेरूच्या कमी-जास्त जाडीच्या फांद्या लावाव्या. त्यानें पाय निकोप राहतात. जस्ताचा मुलामा दिलेली नवी जाळी घांसून धुतल्याशिवाय वापरूं नये, कारण त्यावरील जस्ताचे कण चोंचींतून पोटांत गेल्यास विषबाधा होते.

पिंजऱ्याची एक बाजू भिंतीस लागून असावी, सकाळचें कोंवळें ऊन मिळावें व अर्धा भाग नेहमीं सावलींत असावा. मांजर, घूस व साप यांपासून तो सुरक्षित हवा. उन्हाळ्यांत खिडकीस ओलें गोणपाट लावावें व पाणी दोनदां बदलावें. पक्षी चोंच उघडी ठेवून पंख अंगापासून दूर धरूं लागला, म्हणजे त्यास ऊन बाधलें असें समजून तात्काळ गार जागीं न्यावें. रात्रीं दहा-बारा तास अंधार व शांतता द्यावी.

खाण्यास राळा, बाजरी व वरी हीं आपल्याच शेतांतील धान्यें उत्तम. परंतु केवळ दाण्यावर पक्षी निकोप राहत नाहीं. ‘अ’ जीवनसत्त्व व चुना कमी पडतो. म्हणून रोज थोडा शेवग्याचा पाला, मेथी किंवा गाजराचा कीस द्यावा, व समुद्रफेनाचा तुकडा पिंजऱ्यांत अडकवून ठेवावा. मीठ, चहा, चॉकलेट, कांदा व अव्होकॅडो कधींही देऊं नयेत.

खरेदी करतांना

पाळीव प्राण्यांच्या दुकानास २०१८ च्या नियमांप्रमाणें नोंदणी आवश्यक आहे. ती पहावी व पावती घ्यावी. पायांत सांधा नसलेलें बंद कडें असणें ही पक्षी पिंजऱ्यांतच जन्मल्याची चांगली खूण होय, कारण तें पिलूपणींच घालतां येतें. डोळे स्वच्छ, पिसें अंगाशीं बसलेलीं व शेपटीखालची जागा कोरडी असावी. दिवसां पिसें फुलवून कोपऱ्यांत बसलेला, किंवा श्वासागणिक शेपटी हलविणारा पक्षी आजारी समजावा. स्वस्त मिळतो किंवा दया आली म्हणून तो घेऊं नये. त्यानें त्याचे हाल थांबत नाहींत, व त्या जागीं दुसरा येतो. एकाच पिंजऱ्यांत एक जरी रोगट दिसला तरी त्यांतील कोणताही पक्षी आणूं नये.

पिंजऱ्यावांचून पक्षी

हे सर्व प्रश्न स्वतःस विचारल्यावर कांहीं गृहस्थांस असें आढळेल कीं, आपल्या घरास कोणताच पिंजरा साजत नाहीं. त्यांत कमीपणा नाहीं. तें उत्तरही निवडीचेंच उत्तर आहे. अशांनीं वळचणीखालीं सव्वा इंच भोंकाची लांकडी पेटी आठ-दहा फूट उंचीवर, मांजर पोंचणार नाहीं अशी टांगावी व अंगणांत उथळ परळांत पाणी ठेवावें. चिमणी स्वतः घर पाहून येईल. चिमण्यांची काळजी वाहण्याचा २० मार्च हा दिवस २०१० पासून पाळला जातो, व ती चळवळ सुरू करणारे मोहम्मद दिलावर हे आपल्या नाशिकचेच. शेताच्या बांधावरील जुनें ढोलीचें झाड राखलें, तर त्यांत गव्हाणी घुबडही येऊन राहण्याचा संभव असतो. तें रात्रभर उंदीर मारतें व त्याबद्दल आपणांकडे दाणाही मागत नाहीं.

बैल पाहतांना जी नजर आपण लावतों, तीच या लहानशा जीवासाठींही लावावी. दावणीला बांधलेल्या जनावराची जबाबदारी धन्यावर असते. पिंजऱ्यांतील पक्षी तर त्याहूनही परस्वाधीन. पाणी संपलें तर तो हंबरत नाहीं, दावें तोडून ओढ्यावर जात नाहीं. तेव्हां बाजारांत जाण्यापूर्वीं घरांतील सर्व माणसांनीं एकत्र बसून एवढेंच ठरवावें : सुगीच्या ऐन गर्दींतही रोज सकाळीं त्याचें पाणी कोण बदलणार? त्या माणसाचें नांव ठरलें तर पक्षी आणावा. न ठरलें तर आणूं नये.